प्रश्न क्रमांक एकोणतीस

संसदेची समिती येणार असं पत्र आलं
तेव्हा बांधीतला धान पिवळा पडायला लागला होता.
सोबत प्रश्नावली, सत्तेचाळीस प्रश्न,
उत्तरं पाच प्रतींत.
सकाळी आरोग्य, जेवणानंतर क्रीडा.

मी कोसमटोल्याच्या केंद्रातला कनिष्ठ सहायक.
तालुक्याला दुसरा माणूस नाही,
म्हणून क्रीडा संकुलाची साठा नोंदवहीही माझ्याचकडे.
डाव्या कपाटात लोहाच्या गोळ्या,
उजव्या कपाटात लोखंडी गोळा.

तरतूद किती, प्राप्त किती, खर्च किती.
सदतीस लाख आले एकतीस मार्चला, रात्री पावणेदहाला,
आणि बाराच्या ठोक्याला परत गेले.
सव्वादोन तास आम्ही श्रीमंत होतो,
मी तेव्हा झोपलो होतो.
वरून फोन आला, "प्रगतिपथावर, असं लिहा ना बाबू."
लिहिलं.

प्रश्न एकोणतीस:
संकुलातील स्टॉपवॉच, संख्या एक, सद्यःस्थिती?

आता हे कसं सांगावं.
स्टॉपवॉच असतं शेवंता सिस्टरच्या एप्रनच्या खिशात.
आशाताईंना दिलेली श्वास मोजायची यंत्रं
सेल संपून दोन पावसाळे झाले.
तापलेलं लेकरू आलं की ती झबलं वर करते,
पोटाकडे बघते, बटण दाबते.
मिनिटात पन्नासच्या वर गेलं की म्हणते, "गाडी काढा."
डिझेल असलं तर गाडी निघते.

साडेचारला तेच घड्याळ
सुगंधा नैताम घेऊन जाते.
आठशे मीटर पळते ती. संकुलाला कुलूप,
किल्ली जिल्हा संघटनेच्या अध्यक्षांकडे,
जे सतरा वर्षं अध्यक्ष आहेत
आणि ज्यांना पळताना कोणी पाहिलेलं नाही.
म्हणून ती तलावाच्या पाळीवरून पळते.
दोन मिनिटं एकवीस.
मग घड्याळ द्यायला केंद्रापर्यंत पळत येते,
तो वेळ कुठं लिहिला जात नाही.

समिती दहाची पावणेबाराला आली.
सात गाड्या. कोंबड्या झुडपात.
उसनं आणलेलं ईसीजी मशीन
टेबलावर नवरदेवासारखं बसलेलं.
समुद्राकाठच्या कुठल्याशा मतदारसंघातल्या एक खासदार बाई,
अडखळत हिंदी बोलणाऱ्या,
त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या
आणि सिस्टरला विचारलं, रात्री इथं कोण असतं?
आमच्या साहेबांनी तोंड उघडलं.
बाईंनी नुसता हात वर केला.
शेवंता म्हणाली, "मीच. आन् कुत्रं."
सगळे हसले.
बाई हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

संकुल बघायचं राहूनच गेलं. विमान होतं त्यांचं.
पण कुलूप काढलेलं होतं, गवत कापलेलं,
फक्कीच्या रेघा अजून पांढऱ्याशुभ्र,
आणि अध्यक्ष पुष्पगुच्छ घेऊन फाटकात उभे.
त्यांच्या बाजूनं सुगंधा आत शिरली
आणि पहिल्यांदा खऱ्या मैदानावर पळाली.
घड्याळ मात्र त्या दिवशी कपाटात,
समितीला दाखवायला, चिठ्ठी लावून.
मी मनातल्या मनात मोजलं, एकशे छत्तीस.
माझी मोजणी कोण धरतो.

अहवाल उन्हाळ्यात आला. दोनशे चौदा पानं.
कोसमटोल्याचं कोसंबीटोला झालेलं.
"समितीस असे आढळून आले की रात्रपाळीस
एकच परिचारिका कार्यरत असते."
कुत्र्याचा उल्लेख नाही.
शेवंतानं ती ओळ मला तीनदा वाचायला लावली.
"म्हंजे लिवलंच तं बाईनं," म्हणाली,
आणि इंजेक्शनं मोजायला गेली.
शासनाचं त्यावर उत्तर: नोंद घेण्यात आली आहे.

एकोणतीसला मी काय लिहिलं होतं तेवढं राहिलं.
संख्या एक. चालू स्थितीत.
नेमकं कुठं चालू,
असा उपप्रश्न नव्हता.